टरबुजाचा आवाज, साखरेचं रक्त
कमी पैशांत मारधाडीचा सिनेमा करू पाहणाऱ्यांसाठी

इंदूरहून निघालेला आग्रा-मुंबई रस्ता धुळ्याच्या पुढे मालेगावात पोहोचतो. त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 2000 सालच्या आसपास ‘मालेगाव के शोले’ केला. खर्च साधारण पन्नास हजार रुपये. गब्बरच्या टोळीला घोडे परवडेनात, म्हणून डाकू सायकलींवर आले. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ करताना क्रेनचं काम बैलगाडीने केलं, ट्रॉलीचं सायकलने, आणि आकाशात उडणारा नायक होता यंत्रमागावर राबणारा शफीक शेख. फैजा अहमद खान यांनी या खटाटोपावर 2008 मध्ये माहितीपट केला आणि 2025 मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ देशभर लागला.

हे सांगण्याचं कारण म्हणजे बेटमा. इंदूर-अहमदाबाद रस्त्यावर तीसेक किलोमीटरवरचं हे गाव. इथल्या आणि पलीकडे पीथमपूरच्या कॉलन्यांमधल्या मराठी घरांतली मुलं भेटली की प्रश्न ठरलेला असतो : “काका, हॉरर करायचाय, चांगला रक्तबिक्त असलेला. पण पैसे नाहीत. कसं करायचं?”

या प्रश्नाचं उत्तर भाषणाने देता येत नाही, म्हणून इथे एक बारा मिनिटांचा लघुपट धरून चालू. त्याला नाव देऊ ‘तांब्याचा पत्रा’. खर्चाची मर्यादा पंधरा हजार रुपये, माणसं आठ, रात्री तीन.

आधी सामानाची यादी, मग कथा

रॉबर्ट रॉड्रिग्ज यांनी 1992 चा ‘एल मारियाची’ सात हजार डॉलरमध्ये केला. त्यांनी कथा लिहायच्या आधी हाताशी काय आहे ते पाहिलं : ओळखीचं एक गाव, एक बस, एक कासव, गिटारची पेटी. मग या वस्तू जिथे जिथे बसतील तशी कथा लिहिली. आपल्याकडे बहुतेक जण उलटं करतात. आधी कथेत हवेली, जीप आणि पाऊस लिहितात, मग तीन महिने हवेली शोधत फिरतात आणि चौथ्या महिन्यात नाद सोडतात.

तुम्ही वहीचं एक पान घ्या आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टी लिहून काढा. बेटम्यात ते पान पटकन भरेल. मामाचं सोयाबीनचं रान, विहिरीवरची पंपाची खोली, ट्रॅक्टर, कंदील, हायवेवरचे ट्रक, हाटाचा दिवस. आणि एक गोष्ट अशी, जी दुसऱ्या कुठल्या गावाला मिळायची नाही : परमार राजा भोजाचा 1020 सालचा एक ताम्रपट बेटम्यातच सापडला आहे. कोकण घेतल्याच्या निमित्ताने दिलेल्या जमिनीच्या दानाची नोंद त्यावर आहे.

आपली कथा इथेच सापडते. दोन भावांना रानात खोदताना तांब्याचा पत्रा मिळतो. वाचता कुणालाच येत नाही. धाकट्याला वाटतं, हा खजिन्याचा पत्ता. रात्री तो थोरल्याला मारतो. सकाळी गावातले निवृत्त मास्तर पत्रा वाचून दाखवतात : हा दानाचा लेख आहे, आणि ज्या रानावर तुम्ही उभे आहात ते हजार वर्षांपूर्वीच कुणालातरी देऊन झालंय. पात्रं तीन, जागा दोन, कपडे रोजचे.

भाषा मात्र गावचीच ठेवा. भाऊ बाहेर माळवी मिसळलेली हिंदी बोलतील, आपसात मराठी. पुण्याच्या मालिकेतली मराठी बेटम्याच्या रानात बोलायला लावलीत, तर पहिल्याच वाक्याला प्रेक्षक उठेल.

घरची फौज

अशा सिनेमाचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा धडा रामसे कुटुंबाचा. त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ 1970 मध्ये पडला. पण मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या चोरीच्या प्रसंगाला प्रेक्षक घाबरतात, हे भावांनी थिएटरात बसून पाहिलं. एवढ्या एका प्रसंगाच्या भरवशावर त्यांनी ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ करायला घेतला. सगळं युनिट घेऊन ते महाबळेश्वरला गेले. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाला, अर्जुन संकलनाला, कुमार लेखनाला, आणि स्वयंपाक घरच्या बायकांकडे. 1972 मध्ये सिनेमा लागला आणि हिंदी भयपटाचा एक कारखानाच उभा राहिला.

यातून दोन गोष्टी उचला. पहिली : आपल्या मागच्या फसलेल्या कामात लोक नेमके कुठे गप्प झाले, ते पाहा. पुढचा सिनेमा तिथून सुरू होतो. दुसरी : एक काम एकाच माणसाकडे द्या आणि त्याला शेवटपर्यंत त्याच कामावर ठेवा. आठ जणांच्या युनिटमध्ये सगळेच दिग्दर्शक झाले की आवाज कुणीच रेकॉर्ड करत नाही. आणि जेवण वेळेवर द्या. पंधरा हजारांतले सहा हजार मी जेवण, चहा आणि पोह्यांना ठेवतो. रात्री दोन वाजता उपाशी नट अभिनय करत नाही, घरी जातो.

उरलेल्या नऊ हजारांची वाटणी अशी : कॉलर माइक दोन हजार, पेट्रोल दोन हजार, दिवे दीड हजार, कपडे दीड हजार, रक्ताचं सामान पाचशे, प्रथमोपचार आणि अडीअडचणीला दीड हजार. कॅमेरा म्हणजे खिशातला मोबाइल. संकलनाला दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. नट हवे असतील तर इंदूरच्या हौशी मराठी नाटकमंडळींकडे जा. आवाज मोठा लावायची त्यांची सवय मोडायला दोन दिवस लागतात, पण तालमीची शिस्त त्यांच्याकडे असते.

वार ऐकवा

हिचकॉकच्या ‘सायको’मधला 1960 चा न्हाणीघरातला खून साधारण पाऊण मिनिटाचा आहे. तो चित्रित करायला आठवडा लागला, कॅमेऱ्याच्या 78 मांडण्या झाल्या आणि 52 कट. सुरी अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. वाहतं ते चॉकलेटचं सिरप आणि ऐकू येतं ते खरबुजात सुरी खुपसल्याचं. तरी लोक शपथेवर सांगतात, आम्ही सुरी शिरताना पाहिली.

आपल्या रानातला खून पाच शॉटमध्ये बसवू. एक : धाकट्याची पाठ, हातात फावडं, चेहरा नाही. दोन : कंदिलाच्या उजेडात थोरल्याच्या हातातला पत्रा, अंगठ्याने तो माती पुसतोय. तीन : जमिनीवरच्या दोन सावल्या, त्यातली एक झुकते, आणि आवाज. चार : कलंडलेला कंदील. पाच : धाकट्याचा चेहरा, सलग तीस सेकंद, कट न करता. तो फक्त श्वास घेतोय. एवढ्यात लाइट येते आणि ऑटोवर ठेवलेला पंप आपोआप सुरू होतो. सिमेंटच्या दांडातून पाणी धावू लागतं आणि त्याला तांबूस रंग चढत जातो. इथे धाकटा पंपाकडे पळतो की पाण्याकडे, तेवढं ठरवा. तुमचा सिनेमा त्या निर्णयात आहे.

आता आवाज. इंदूरकडे ज्याला आपण टरबूज म्हणतो ते एक विकत आणा, शिवाय एक कोबी आणि उसाची चार कांडी. एका खोलीत दारं-खिडक्या बंद करून चारी बाजूंना गोधड्या टांगा, म्हणजे आवाज घुमणार नाही. दुसरा मोबाइल हातभर अंतरावर ठेवून रेकॉर्ड करा. बोथट फावड्याच्या घावाला कोबीवर ओला टॉवेल टाकून लाकडाचा ठोका, हाडाला उसाचं कांडं मोडल्याचा कडका, आणि ओलेपणाला टरबुजाच्या गरात हात घालून पिळणं. प्रत्येकाचे दहा दहा टेक घ्या. मग तिन्ही आवाज एकावर एक ठेवा, पण एकाच क्षणी सुरू करू नका. ठोका आधी, कडका किंचित मागे, ओलेपणा शेवटी. तिन्ही एकदम वाजले की नुसता धप्प होतो.

प्रत्येक जागेवरची एक मिनिटाची शांतताही वेगळी रेकॉर्ड करा. बेटम्यात ती शांतता नसतेच. हायवेची घरघर रात्रभर चालू असते. ती लपवायच्या मागे लागू नका. खुनाआधी ती ऐकू येऊ द्या, खुनाच्या क्षणी पूर्ण काढून टाका. प्रेक्षकाला काय गेलं ते कळणार नाही, पण तो सावरून बसेल.

रक्ताची कृती

दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. मंद आचेवर पाक करा आणि एकतारी व्हायच्या जरा आधी उतरवा. पूर्ण गार होऊ द्या. चमचाभर कोको पावडर थोड्या पाण्यात गुठळी न ठेवता कालवून त्यात घाला. पाकाचा पारदर्शकपणा त्याने जातो. लाल खाद्यरंग थेंबाथेंबाने, आणि अगदी शेवटी निळ्या खाद्यरंगाचा एक थेंब. निळा पडला नाही तर मोबाइलमध्ये रक्त रूहअफजासारखं दिसतं. घट्ट हवं असेल तर शिजवलेलं कॉर्नफ्लोर, वाळलेलं हवं असेल तर कॉफी. ज्या दिव्याखाली शूट करायचंय त्याच दिव्याखाली, त्याच मोबाइलवर आदल्या दिवशी तपासा. डोळ्याने पाहून रंग ठरवू नका.

कुंकू, गुलाल, ऑइल पेंट अंगाला लावू नका. त्यांत काय मिसळलंय याची खात्री नसते. डोळ्याजवळ काहीच नको. जखमेसाठी व्हॅसलीनमध्ये मैदा मळून गोळा करा, त्वचेवर थापून कडा बोटाने मिटवा, मधे काडीने चीर द्या आणि चिरेत रक्त सोडा. लेटेक्स वापरणार असाल तर आदल्या दिवशी नटाच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहा. कुणाला त्याची ॲलर्जी असते.

दोन गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत. पहिली : माळव्याच्या काळ्या मातीवर लाल रंग दिसतच नाही. आमचं अर्ध्या लिटरचं रक्त एकदा असं रानाने पिऊन टाकलं आणि पडद्यावर नुसती ओल दिसली. म्हणून रक्त पांढऱ्या गमछ्यावर पाडा, गव्हाच्या भुशावर पाडा, किंवा आपण केलं तसं सिमेंटच्या दांडातल्या पाण्यात सोडा. दुसरी : पाक म्हणजे साखर. दिवसा दहा मिनिटांत मुंग्या आणि गांधीलमाश्या जमतात. शॉट झाला की लगेच धुवा, आणि एकाच रंगाचे तीन शर्ट हाटातून आणून ठेवा. डागाळलेला शर्ट पुन्हा कोरा होत नाही, टेक मात्र पुन्हा घ्यावा लागतो.

कॅमेरा आणि उजेड

मोबाइलमध्ये फ्रेम-रेट 24 किंवा 25 वर पक्का करा, एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा. ब्लॅकमॅजिकचं मोफत कॅमेरा ॲप हे सगळं हातात देतं. रात्रीच्या रानात सगळीकडे उजेड पाडायचा प्रयत्न सोडून द्या. चित्रात दिसणारा एक दिवा ठेवा, म्हणजे कंदील. आणि न दिसणारा एक, म्हणजे दूर उभ्या ट्रॅक्टरचे हेडलाइट. ट्रॅक्टर पात्रांच्या मागे आणि बाजूला ठेवा, समोर नको. थोडी धूळ उडवली की त्या उजेडाला अंग येतं. चेहऱ्यावर थर्मोकोलने उजेड परतवा. सूर्य मावळल्यानंतरची वीस मिनिटं मोबाइलला रात्रीपेक्षा फार सोपी जातात. दूरचे शॉट तेव्हाच उरकून घ्या.

इथे काटकसर नको

‘द क्रो’च्या सेटवर 1993 मध्ये ब्रँडन ली मेला, ‘रस्ट’च्या सेटवर 21 ऑक्टोबर 2021 रोजी छायाचित्रकार हॅलिना हचिन्स. दोन्ही ठिकाणी खेळातली म्हणून हातात घेतलेली खरी बंदूक होती. त्या सेटांवर पैसा होता, जाणती माणसं होती. तुमच्याकडे दोन्ही नाहीत, म्हणून नियम सरळ ठेवा : खरं हत्यार सेटवर येणारच नाही. काकांची परवान्याची बंदूक नाही, विळा नाही, कुऱ्हाड नाही. फावड्याचं पातं पुठ्ठ्याचं करून त्यावर चंदेरी कागद आणि माती लावा. खरं फावडं फक्त एकट्याच्या शॉटमध्ये, समोर माणूस नसताना.

मारामारीत कुणी कुणाला लावायचं नाही. दोघांमध्ये दोन हात अंतर ठेवा आणि कॅमेरा मारणाऱ्याच्या मागे न्या. अंतर चित्रात मिटतं. आधी निम्म्या वेगाने दहा वेळा तालीम करा. ‘बस’ हा शब्द संवादात कुठेही वापरू नका. तो कुणीही, स्पॉटबॉयनेही उच्चारला की सगळं जागच्या जागी थांबलं पाहिजे. उघड्या विहिरीच्या काठावर रात्री शूटिंग नको. गहू पिकलेला असताना रानात आग नको. हायवेवर प्रेत पडल्याचं दृश्य तर अजिबात नको. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमची पटकथा माहीत नसते.

कागदपत्रं

शूटिंगच्या दोन दिवस आधी बेटमा ठाण्यात लेखी अर्ज द्या : तारीख, जागा, वेळ, दृश्याचं स्वरूप, दोन मोबाइल नंबर. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या आणि ती प्रत सेटवर ठेवा. रानात रात्री आरडाओरडा ऐकून गावकरी काठ्या घेऊन धावले, तर तो कागदच बोलेल. शेजारच्या शेतकऱ्यांना मात्र स्वतः जाऊन सांगा. मांडूसारख्या संरक्षित वास्तूत कॅमेरा लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी हवीच. राज्याच्या पर्यटन विभागाकडेही चौकशी करा; ‘स्त्री’ चंदेरीत झाला आणि चित्रीकरणाला सर्वाधिक अनुकूल राज्याचा राष्ट्रीय पुरस्कार 2022 मध्ये मध्य प्रदेशाला जाहीर झाला, तेव्हा चित्रीकरण म्हटलं की इथलं सरकार दचकत नाही.

लहान मूल घेणार असाल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही आणि सलग तीन तासांहून जास्त नाही. प्राणी असतील तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. माझा सल्ला : पहिल्या सिनेमात दोन्ही टाळा.

सार्वजनिक प्रदर्शनासाठी 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्र लागतं. 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए वर्गात 7, 13 आणि 16 वर्षांच्या पायऱ्या आल्या आहेत. हिंसेचा सिनेमा ‘ए’ मध्ये गेला तर रडू नका, तो तिथलाच आहे. यूट्यूबवर टाकताना वयाची मर्यादा स्वतःच लावा.

सगळ्या नटांच्या, जागेच्या मालकाच्या आणि संगीत देणाऱ्याच्या सह्या घ्या. जॉर्ज रोमेरो यांच्या 1968 च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं नाव ऐनवेळी बदललं, नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ घालायची राहिली, आणि भयपटाला वळण देणारा तो सिनेमा कायद्याने सगळ्यांचा झाला. एका ओळीची ती किंमत.

‘कल्ट’च्या नादी लागू नका

मुलांच्या तोंडी हल्ली ‘कल्ट’ हा शब्द फार असतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा कांती शाह यांचा 1998 चा ‘गुंडा’ असतो. मिथुन चक्रवर्ती, मुकेश ऋषींचा बुल्ला, आपल्या मोहन जोशींचा पोते, आणि यमक जुळवत स्वतःची ओळख करून देणारे खलनायक. तो तेव्हा आला आणि गेला. पुढे इंटरनेटवरच्या पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं. कुणी ठरवून तो तसा केला नव्हता. तुम्ही ठरवून वाईट संवाद लिहिलेत तर ते नुसते वाईटच होतील. आणि त्या काळच्या स्वस्त सिनेमातली एक गोष्ट मुळीच उचलू नका : बाईवरचा अत्याचार हा चवीने दाखवायचा मसाला. त्यात ना भीती आहे ना धाडस.

खऱ्या गुन्ह्यावर करायचं असेल तर थोडं थांबा. पुण्याच्या 1976-77 च्या जोशी-अभ्यंकर खून प्रकरणावर राजदत्त यांनी नाना पाटेकरांना घेऊन ‘माफीचा साक्षीदार’ केला, आणि त्याच प्रकरणाची छाया असलेला अनुराग कश्यप यांचा ‘पाँच’ सेन्सॉरच्या आक्षेपांत आणि नंतर इतर अडचणींत वर्षानुवर्षं अडकला. मेलेल्यांचे नातेवाईक जिवंत असतात, हे लक्षात ठेवून कथेचं नाव, गाव, नातं बदला.

नाद लावायचाच असेल तर ‘तुंबाड’चा लावा. राही अनिल बर्वे यांनी नारायण धारपांच्या ‘आजी’ कथेचा धागा घेतला, खऱ्या पावसासाठी अनेक पावसाळे वाट पाहिली. 2018 मध्ये सिनेमा बेताचाच चालला. 2024 मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. त्याचं बजेट तुमच्याकडे नाही. पाऊस मात्र तुमच्या रानावरही फुकटच पडतो.

पहिला खेळ

प्रमाणपत्राआधी, यूट्यूबआधी, सिनेमा फक्त युनिटला आणि घरच्या मोठ्या माणसांना दाखवा. ओसरीवर पांढरी चादर, मागून आणलेला प्रोजेक्टर, चांगला स्पीकर. लहान मुलांना आधी झोपवा. तुम्ही पडद्याकडे पाठ करून बसा आणि माणसांचे चेहरे पाहा. कोण कुठल्या सेकंदाला मोबाइल काढतो, ते वहीत टिपा आणि दुसऱ्या दिवशी तो भाग कापा. बारा मिनिटांचे नऊ झाले तर वाईट वाटून घेऊ नका.

सोयाबीन ऑक्टोबरपर्यंत निघतं, मग महिनाभरात गव्हाची पेरणी. मधले काही दिवस रान मोकळं असतं. तारीख तेव्हाची धरा, आणि आज वहीचं ते एक पान भरा.